तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा: एका उन्हाळी अभ्यासक्रमाचा अनुभव

पदवीच्या विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा एकत्र शिकवणारे उन्हाळी अभ्यासक्रम आता बरीच विद्यापीठं चालवतात. त्यातला एक मी यंदा जुलैमध्ये पूर्ण केला. अर्ज भरायला बसले तेव्हा माहितीपत्रकात विषयांची नावं आणि शिक्षकांची यादी होती, पण निवड कशावर होते, कागद किती आधी गोळा करायचे, खर्चातलं काय आपल्या अंगावर येतं आणि वर्गात नेमकं काय चालतं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांसाठी ते सगळं इथे लिहिते आहे.

यातल्या पहिल्या तीन विषयांची सांगड जुनी आहे. ऑक्सफर्डमध्ये १९२० च्या सुमारास ती पदवी सुरू झाली आणि ‘पीपीई’ (तिन्ही विषयांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं) हे नाव तिथूनच पसरलं. कायदा पुढे काही ठिकाणी जोडला गेला. माझ्या मते तो जोडल्यावर अभ्यासाला खरी धार येते, कारण न्यायालयाला ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असं म्हणून थांबता येत नाही. समोरच्या दोघांपैकी कुणाचं म्हणणं मान्य, ते सांगावंच लागतं.

नोव्हेंबरमध्ये सूचना निघाली. पात्रता साधी होती: पदवीचं दुसरं किंवा तिसरं वर्ष चालू हवं, मुख्य विषय कोणताही चालेल. माझा अर्थशास्त्र होता, जोडीला थोडं राज्यशास्त्र. तत्त्वज्ञानाचा एकही पेपर मी दिलेला नव्हता. तरी अर्ज करता येतो का, असं मी ईमेलने विचारलं. ‘येतो’ असं दोन ओळींचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. शंका असेल तर विचारून टाका.

सगळ्यात आधी एक फरक नीट बघून घ्यायला हवा. सारख्याच नावाचे दोन अगदी वेगळे प्रकार असतात. एकात ठरावीक गुण असले आणि फी भरली की प्रवेश मिळतो. फी भरपूर असते, वर्ग मोठे असतात, आणि शेवटी परीक्षा होऊन गुणपत्रक मिळतं. दुसऱ्यात जागा मोजक्या असतात, निवड होते, आणि निवड झालेल्यांची फी आणि राहण्याचा खर्च संस्था उचलते. काही ठिकाणी हातखर्चालाही थोडी रक्कम मिळते. पहिला प्रकार कमी दर्जाचा असतो असं अजिबात नाही. एखाद्या विषयाचं रीतसर गुणपत्रक हवं असेल तर तोच बरा. मला मात्र खर्च झेपणारा नव्हता आणि छोट्या वर्गात चर्चा करायची होती, म्हणून मी दुसऱ्या प्रकाराचा अर्ज भरला.

कागदपत्रांत अधिकृत गुणपत्रक, दोन शिफारसपत्रं, आपल्याला हा अभ्यासक्रम का हवा आहे ते सांगणारं निवेदन आणि आधी लिहिलेल्या एखाद्या निबंधाचा नमुना मागितला होता. सगळ्यात जास्त वेळ गुणपत्रकाने घेतला. महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला आणि सही-शिक्क्यासह प्रत हातात आली ती जानेवारीच्या मध्याला. मधल्या काळात सत्राचे निकाल लागत असतात आणि तिथले कर्मचारी खरोखरच कामात बुडालेले असतात. पावती जपून ठेवा, कारण चौकशीला गेलं की आधी पावतीचा क्रमांक विचारतात. एकाऐवजी दोन प्रती मागा. मला दुसरी प्रत पुढे व्हिसाच्या वेळी लागली.

शिफारसपत्रासाठी कुणाकडे जायचं यावर मी बराच विचार केला. विभागप्रमुखांचं पत्र वजनदार वाटतं, पण त्यांनी माझं लिखाण कधी वाचलेलं नव्हतं. ज्या मॅडमनी माझा सार्वजनिक वित्तावरचा निबंध दोनदा दुरुस्त करून घेतला होता त्यांना विचारलं, आणि दुसरं पत्र राज्यशास्त्राच्या सरांकडे मागितलं. दोघांनाही एका पानावर सगळं लिहून दिलं: अभ्यासक्रम काय आहे, मी त्यांच्या वर्गात काय लिहिलं होतं, आणि शेवटची तारीख कोणती. पत्र शिक्षकांनी थेट संस्थेच्या दुव्यावर चढवायचं असतं आणि तो दुवा आपण अर्जात त्यांचा ईमेल भरल्यावरच जातो. सरांच्या बाबतीत तो नको असलेल्या ईमेलमध्ये जाऊन पडला होता. म्हणून अर्जाचा तो भाग आधी भरून टाका, आणि दुवा मिळाला का, हे शिक्षकांना एकदा विचारून घ्या. बाकीचा अर्ज सावकाश भरता येतो.

आता निवेदन. त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण निवड बहुतांशी त्याच्यावर होते असं मला तिथे गेल्यावर कळलं. मर्यादा आठशे शब्दांची होती. चारही विषयांबद्दल दोन-दोन परिच्छेद लिहिण्यापेक्षा, ज्याचं उत्तर कुठल्याही एका विषयाला एकट्याने देता येणार नाही असा एकच प्रश्न धरायचं मी ठरवलं. माझा प्रश्न होता: गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी गाडी नेणाऱ्याकडून पैसे घेणं न्याय्य आहे का?

हा प्रश्न मला अर्थशास्त्राच्या वर्गात भेटला. रस्त्यावर आणखी एक गाडी आली की तिच्यामागच्या सगळ्यांना थोडा थोडा उशीर होतो, पण त्या उशिराची किंमत चालकाच्या हिशेबात येत नाही. ती त्याच्याकडून वसूल केली तर गर्दी आटोक्यात येते, हे उत्तर पुस्तकात एका आकृतीत संपतं. सिंगापूरने १९७५ मध्ये हे करून दाखवलं, लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये, स्टॉकहोमने २००६ मध्ये. पण रस्ता तर सगळ्यांचा. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला वेळेवर पोचता यावं आणि ज्याच्याकडे नाहीत त्याने वाट बदलावी, हे त्या आकृतीत दिसत नाही. दुसरीकडे, सध्याच्या गर्दीत बसमध्ये अडकून पडणारा माणूस बहुतेक वेळा गरीबच असतो, मग आत्ताची व्यवस्था तरी त्याच्या बाजूची कशी म्हणायची? मी हे दोन्ही लिहिलं, कुठे अडले ते लिहिलं, आणि त्या अडलेल्या जागी तत्त्वज्ञान आणि कायदा मला का हवा आहे ते सांगितलं. उत्तर दिलं नाही. निवड समितीला अर्जदाराकडे तयार उत्तर आहे की नाही यापेक्षा तो प्रश्नापाशी किती वेळ थांबू शकतो हे बघायचं असतं, असं मला आता ठामपणे वाटतं.

आर्थिक मदतीचा अर्ज वेगळा होता आणि त्याची मुदत मुख्य अर्जाच्या एक आठवडा आधी संपत होती. ही ओळ माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर होती. त्यात कुटुंबाच्या उत्पन्नाचा पुरावा आणि प्रवासखर्चाचा अंदाज द्यायचा होता. अंदाज देताना विमानतळापासून वसतिगृहापर्यंतचा प्रवास, विमा आणि व्हिसाची फी हे तिन्ही धरा. फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी वेगळे रकाने नव्हते, म्हणून मी ते ‘इतर’मध्ये तपशिलासह लिहिले आणि त्यातला विम्याचा खर्च मंजूरही झाला.

५ फेब्रुवारीला अर्ज गेला. मार्चच्या सुरुवातीला छोटी ऑनलाइन मुलाखत झाली. अर्ध्याहून जास्त वेळ माझ्या प्रश्नावरच बोलणं झालं. ‘हे पैसे म्हणजे कर की सेवेचं शुल्क?’ असं एका परीक्षकांनी विचारलं. फरक काय पडतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तसं सांगून मी मनात येईल तो तर्क मांडला. हाच प्रश्न पुढे माझ्या निबंधाचा गाभा झाला.

२८ मार्चला उत्तर आलं: प्रतीक्षा यादी. नकार आला असता तर दोन दिवस वाईट वाटून मोकळी झाले असते. प्रतीक्षा यादीत मात्र काहीच ठरवता येत नाही. सुट्टीत एका संशोधन प्रकल्पावर काम करायची संधी होती, त्यांनाही उत्तर द्यायचं होतं. मी दोन गोष्टी केल्या. अभ्यासक्रमाच्या कार्यालयाला एकच छोटं पत्र लिहिलं की जागा मिळाली तर मी नक्की येईन, आणि सोबत नुकताच लागलेला सत्राचा निकाल जोडला. प्रकल्पवाल्यांना खरी परिस्थिती सांगून एप्रिलअखेरपर्यंत मुदत मागितली आणि त्यांनी ती दिली. त्यानंतर पुन्हा पुन्हा ईमेल पाठवून विचारलं नाही. तरी रोज सकाळी उठल्या उठल्या ईमेल उघडणं काही सुटलं नाही. आईला मात्र ‘बघितलं पण नाही’ असं सांगायचे.

१९ एप्रिलला जागा मिळाली. होकार कळवायला एक आठवडा होता आणि त्याच आठवड्यात पुढची धावपळ सुरू झाली.

आधी क्रेडिटचं बघा. उन्हाळी अभ्यासक्रमाचे क्रेडिट आपल्या पदवीत धरले जातील की नाही, हे आपलं महाविद्यालय ठरवतं. जाण्याआधी लेखी विचारून ठेवलं तर नंतर अडचण कमी होते. मी विषयसूची, तासांची संख्या आणि मूल्यमापनाची पद्धत जोडून विभागाकडे अर्ज दिला. ‘परत आल्यावर कागदपत्रं पाहून विचार करू’ असा शेरा मिळाला. तोही सही-तारखेसह घेऊन ठेवला.

अभ्यासक्रम दुसऱ्या देशात असेल तर व्हिसाचा प्रकार कोणता, हे स्वतः गृहीत धरू नका. काही देश छोट्या अभ्यासक्रमाला विद्यार्थी व्हिसा मागतात, काही मागत नाहीत, आणि ते अनेकदा आठवड्याचे तास किती किंवा क्रेडिट मिळतात का यावर ठरतं. संस्थेकडून लेखी उत्तर घ्या आणि ते पत्र सोबत ठेवा. निमंत्रणपत्रावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. माझ्या गुणपत्रकावर नावाचा क्रम वेगळा होता. तो खुलासा करणारं एक पत्र महाविद्यालयाकडून आधीच घेतलं होतं आणि ते दाखवावं लागलं. पासपोर्ट परत यायला तीन आठवडे गेले. तिकीट मी त्यानंतरच काढलं. भाडं थोडं वाढलं होतं, पण जीव टांगणीला लागला नाही. प्रवासखर्च नंतर परत मिळणार असला तरी आधी आपल्यालाच भरावा लागतो. ती रक्कम काही महिने अडकून राहील असं धरून चला.

जूनमध्ये वाचनाचा संच आला. ह्यूम, मिल, रॉल्स या तत्त्वज्ञांचं लेखन, काही निकालपत्रं, अर्थशास्त्राचे लेख. सगळं सारख्याच वेगाने वाचायचं नसतं. तत्त्वज्ञानाचं एक पान सावकाश, प्रत्येक परिच्छेदात लेखक काय सिद्ध करू बघतो आहे ते समासात लिहीत. निकालपत्रात आधी घडलं काय, मग वाद कशावर, मग निर्णय आणि त्याचं कारण, आणि शेवटी बहुमताशी असहमत असलेल्या न्यायाधीशाचं विरोधी मत. अर्थशास्त्राच्या लेखात आधी गृहीतकं शोधायची. ही पद्धत मला तिथे भेटलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने शिकवली. तुम्ही ती आधीच वापरायला सुरुवात करा.

पहिला आठवडा जड गेला. पहिल्याच तासाला न्यूयॉर्कचा १८८९ चा निकाल होता, ‘रिग्ज विरुद्ध पामर’. आजोबा मृत्युपत्र बदलतील या भीतीने नातवाने त्यांना विष दिलं. मृत्युपत्र कायदेशीर होतं, आणि खुनी वारसाला मालमत्ता मिळणार नाही असं तेव्हाच्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. न्यायालयाने बहुमताने नातवाला वारसा नाकारला: स्वतःच्या गुन्ह्याचा फायदा कुणालाही घेता येऊ नये. वाचताना मला वाटलं, यात वाद तो काय! मग शिक्षकांनी विरोधी मत मोठ्याने वाचायला लावलं. शिक्षा फौजदारी कायदा देतोच आहे, त्यावर आणखी मालमत्ता काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला कुणी दिला? तासभर आम्ही भांडलो. तत्त्वज्ञानवाले विचारत होते की लिहिलेल्या नियमामागचं तत्त्व हेही कायद्याचा भाग आहे का. राज्यशास्त्रवाले विचारत होते की ही दुरुस्ती विधिमंडळाने करायची की न्यायाधीशाने. अर्थशास्त्राच्या बाजूने मी म्हटलं की असे वारसे मान्य झाले तर पुढच्या लोभी वारसाला काय संदेश जाईल. प्रत्येकाचा मुद्दा दुसऱ्याच्या प्रश्नाला बगल देऊन जात होता. एकाच घटनेकडे बघून आम्ही वेगवेगळे प्रश्न विचारतो आहोत, हे लक्षात यायला मला तो पूर्ण आठवडा लागला. त्या काळात वर्गात गप्प बसावंसं वाटेल. तरी रोज एकदा तरी बोला, निदान ‘तुमचा प्रश्न पुन्हा सांगाल का’ एवढं तरी.

दुसऱ्या आठवड्यात अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांचा १९६० चा लेख होता. त्यात १८७९ चा एक इंग्रज खटला येतो. एक मिठाईवाला आपल्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं खलबत्ते चालवत होता. शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला, नेमकं त्या भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली आणि आवाजाची तक्रार केली. निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. कोस म्हणतात की मिठाईवाला डॉक्टरला त्रास देतो एवढंच बघू नका. डॉक्टरला शांतता दिली तर मिठाईवाल्याचं नुकसान होतं. त्रास दोन्ही बाजूंनी आहे, आणि वाटाघाटीला काही खर्च येत नसता तर न्यायालयाने हक्क कुणालाही दिला तरी दोघांनी देवाणघेवाण करून तो ज्याला अधिक मोलाचा त्याच्याकडेच नेला असता. मी हे महाविद्यालयात शिकले होते. पण शेजारी बसलेल्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारलं, ‘मग आधी कोण होतं, याला काहीच अर्थ नाही?’ कोस यांच्या लेखात त्याचं उत्तर आहे, पण ते कार्यक्षमतेचं उत्तर आहे. त्याला हवं होतं न्यायाचं. त्या दुपारी मला माझ्याच विषयाची हद्द दिसली, आणि ती दिसल्याचा आनंद झाला. विषय लहान वाटला नाही. उलट तो कुठवर नेतो आणि कुठे सोडून देतो, ते नीट कळलं.

तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येकाने स्वतःचा निबंध लिहायचा होता. मी गर्दीशुल्काकडे परतले. स्टॉकहोमची गोष्ट मला आता वेगळी दिसायला लागली. तिथे आधी जनमत विरोधात होतं. जानेवारी ते जुलै २००६ अशी चाचणी घेतली, वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली, आणि १७ सप्टेंबर २००६ च्या सार्वमतात शहराने निसटत्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला. भोवतालच्या बऱ्याच नगरपालिकांनीही मतदान घेतलं, तिथला एकूण कौल उलटा होता. मग ‘लोकांची इच्छा’ म्हणजे कोणत्या लोकांची? जे शहरात राहतात त्यांची, की जे रोज शुल्काच्या सीमेवरून ये-जा करतात त्यांची? ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचं झालं.

आणि मुलाखतीतला तो प्रश्न: कर की शुल्क? स्वीडनमध्ये हे पैसे कायद्याने राष्ट्रीय कर ठरले, कारण आपल्या हद्दीबाहेरच्या रहिवाशांवर कर बसवण्याचा अधिकार नगरपालिकेला नाही. लंडनमध्ये वाहतूक खातं याला शुल्क म्हणतं, तर अमेरिकेचा दूतावास कर म्हणतो आणि भरायचं नाकारतो, कारण १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार राजनैतिक अधिकाऱ्यांना करातून सूट आहे, विशिष्ट सेवेच्या मोबदल्यातून नाही. म्हणजे ‘रस्ता वापरू देणं’ ही सेवा आहे का? सेवा म्हटलं तर ज्याने पैसे दिले त्याला ती मिळाली, विषय संपला. कर म्हटलं तर तो कुणावर किती पडतो आणि त्या पैशांचं काय होतं, याचा जाब द्यावा लागतो. गर्दीशुल्क न्याय्य ठरवायचं असेल तर त्याला कर म्हणून मान्य करायला हवं आणि त्याचं उत्पन्न बससारख्या सगळ्यांच्या सोयीकडे वळवण्याची हमी द्यायला हवी, असं मी शेवटी मांडलं. शिक्षकांच्या भेटीच्या वेळेचा पूर्ण फायदा घ्या. पहिला मसुदा कच्चा असला तरी घेऊन जा. माझ्या मसुद्यातल्या मधल्या दोन पानांवर त्यांनी एकच रेघ मारून ‘हे कुणाला पटवायचं आहे?’ असं लिहिलं होतं. ती पानं मी काढून टाकली आणि निबंध उभा राहिला.

राहण्याची सोय साधी आणि पुरेशी होती. वेळ मात्र अपुरा पडतो. शनिवार-रविवार वाचनातच जातात, त्यामुळे फिरायचं असेल तर अभ्यासक्रम संपल्यावर दोन-तीन दिवस हातात ठेवा. वसतिगृह शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत रिकामं करावं लागतं, पुढची राहण्याची सोय आणि तिचा खर्च आपला.

परत आल्यावर खर्चाचा दावा दाखल करायला तीस दिवस होते. तिकिटाची पावती, दोन्ही प्रवासांचे बोर्डिंग पास आणि बँकेचा तपशील लागला. मोबाइलमधला बोर्डिंग पास प्रवासानंतर दिसेनासा होतो, म्हणून विमानात बसण्याआधीच त्याचं चित्र काढून ठेवा. पैसे सप्टेंबरच्या शेवटी जमा झाले. क्रेडिटसाठी मी प्रमाणपत्र, तासांचा तपशील, निबंध आणि एप्रिलमधला तो शेऱ्याचा कागद असं सगळं एकत्र विभागात दिलं. ऑक्टोबरच्या बैठकीत एका ऐच्छिक विषयाइतके क्रेडिट मंजूर झाले. गुण धरले नाहीत, फक्त ‘पूर्ण’ अशी नोंद झाली. सरासरी वाढवण्यासाठी कुणी जाणार असेल तर हे आधीच विचारून घ्यावं.